शिवाजीनगर एसटी स्टँड: नवं बांधताना नक्की काय हवंय?

भांबुर्डेकर

पुण्यातल्या शिवाजीनगरचा जुना एसटी स्टँड पाडला, तिथे मेट्रोचं भुयारी स्टेशन झालं, ऑगस्ट २०२३ पासून मेट्रो धावायलाही लागली. एसटी मात्र २०१९ सरताना वाकडेवाडीला गेली ती अजून तिथेच. जागा सरकारी दूध योजनेची, मुक्काम तात्पुरता, आणि या तात्पुरत्यात पहिलीतली पोरं सातवीत गेली.

नवा स्टँड मूळ जागीच व्हायचा, यावर निदान कागदावर तरी वाद नाही. खासगी भागीदारीतून बांधायचं, खाली एसटी आणि वर कार्यालयं-दुकानं, असा बेत आहे. वर्तमानपत्रांत चर्चा चालते ती मजल्यांची आणि करारावर सह्या कुणी केल्या त्याची. प्रवाशाला काय हवंय हे कुणी विचारलेलं मला तरी दिसलं नाही, म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकतो. इमारत दिसायला कशी आहे याच्याशी मला देणंघेणं नाही. मेट्रो स्टेशनला किल्ल्याचं रूप दिलंय, छान आहे, शेजारी दुसरा किल्ला नको. या जागेची खरी किंमत ही की रेल्वे, मेट्रो आणि एसटी तिन्ही हाकेच्या अंतरावर येतात. पुणे स्टेशनलाही तिन्ही आहेत, पण तिथला एसटी स्टँड टिचभर. स्वारगेटला रेल्वे नाही. लोणावळा लोकलने आलेला, पिंपरीहून मेट्रोने आलेला आणि नगरहून लाल गाडीने आलेला, असे तिघेजण भर वाहतुकीतला रस्ता न ओलांडता एकमेकांची गाडी पकडू शकतील, एवढी मोठी जागा शहरात ही एकच. तेव्हा नकाशा काढायला बसताना पहिली रेघ या पायवाटेची मारा. मग उरलेल्या जागेत मॉल बांधा नाहीतर राजवाडा.

तुम्हाला काय वाटतं? 'सगळे चोर आहेत' हे सोडून लिहा, ते इथे सर्वांचं लिहून झालंय.

जालन्याचा_जावई

पायवाटेला पूर्ण अनुमोदन.

मराठवाड्याच्या रातराण्या पहाटे येतात. वाकडेवाडीला उतरलं की समोर जुना मुंबई-पुणे हायवे आणि दारात रिक्षावाल्यांचा घोळका. त्या वेळी मीटरचं नाव काढायची सोय नाही. मेट्रो स्टेशन दीड-दोन किलोमीटर लांब, आणि पहाटे सहाच्या आत मेट्रो नाहीच. सासूबाईंनी दिलेल्या बरण्या सांभाळत हायवेच्या कडेने चालत निघणं मला जमणारं नाही.

माझं एक वेळ निभेल, फोन आहे, अॅपवरून गाडी बोलावता येते. पण गावाकडून दवाखान्याच्या कामाला आलेला म्हातारा माणूस, ज्याला पाहुण्यांनी "शिवाजीनगरला उतर, मी घ्यायला येतो" असं सांगितलंय, तो वाकडेवाडीला उतरतो. पाहुणा जुन्या स्टँडजवळच्या संचेती चौकात उभा. दोघांचे फोन. "तुम्ही कुठंय?" "स्टँडवर." "मी पण स्टँडवर." हा संवाद किती जणांनी ऐकलाय?

फुकटचा_सल्ला

ऐकलाय. केलाय. :)

नाशिकफाटा

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. स्टँड शिवाजीनगरला परत आणूच नका.

नाशिकची गाडी नाशिक फाट्यावरून सरळ हायवेने वाकडेवाडीला येते. नगर-संभाजीनगरची गाडी येरवडा, संगमवाडी करत पाटील इस्टेटला लागते. दोन्ही बाजूंच्या गाड्यांना वाकडेवाडी सोयीची. पुढचे दोन किलोमीटर संचेती चौकाच्या गर्दीत घुसायला अर्धा तास घालवायचा, आणि बाहेर पडायला पुन्हा अर्धा तास. बारा मीटरची बस तिथे वळते तेव्हा मागे काय होतं ते कोर्टाच्या बाजूला उभं राहून बघा.

मोठ्या शहरांनी एसटी वेशीवरच थांबवावी. वाघोली, भोसरी, कात्रज असे तीन स्टँड करा आणि शहरात मेट्रोने या. मेट्रोवर एवढा पैसा ओतला तो कशासाठी?

चेन्नईत_अडकलेला

नाशिकफाटा, तुमचा प्रयोग आमच्याकडे होऊन गेलाय.

चेन्नईत २००२ मध्ये शहराच्या मध्यातला जुना स्टँड कोयंबेडूला नेला. तेव्हाही गर्दीचंच कारण होतं. हळूहळू शहर तिथवर पोचलं. २०१५ मध्ये मेट्रो थेट त्या स्टँडच्या दारात आली, मेट्रोतून उतरा आणि मदुराईची गाडी पकडा, इतकी सोय. आणि मग डिसेंबर २०२३ अखेर दक्षिणेकडे जाणाऱ्या गाड्यांसाठी किलांबक्कमला नवा स्टँड उघडला. सेंट्रल स्टेशनपासून सुमारे तीस किलोमीटर. इमारत देखणी, प्रशस्त. लोकलचा मार्ग अगदी जवळून जातो, पण स्टँड सुरू झाला तेव्हा तिथे लोकल थांबायला स्टेशनच नव्हतं! बाहेरगावाहून रात्री दोनला येणाऱ्यांनी पुढचं अंतर सिटी बसने कापायचं. त्या वेळी लोक जे संतापले ते इमारतीवर नव्हे, क्रमावर. आधी स्टेशन आणि मग स्टँड, एवढंच उलटं करायचं होतं.

वाघोलीला मेट्रो पोचली की मग बोलू.

भांबुर्डेकर

तेच. मेट्रो रामवाडीला संपते, वाघोली पुढे राहिली. कात्रजला तरी कुठे आहे, ती स्वारगेटला थांबते. तुमच्या तीन स्टँडपैकी एकाच्याही दारात आज मेट्रो नाही.

आणखी एक. सप्टेंबर २०२४ पासून शिवाजीनगर ते स्वारगेट मेट्रो सरळ झाली. आपल्याकडे नाशिक, नगर, मराठवाडा, खानदेशच्या गाड्या शिवाजीनगरच्या आणि सातारा, कोल्हापूर, सोलापूर, कोकणच्या स्वारगेटच्या, ही वाटणी किती जुनी आहे. साताऱ्याहून येऊन संगमनेरला जाणाऱ्याला मधे शहर पार करावं लागायचं, त्यात रिक्षाचं भाडं एसटीच्या तिकिटाशी बरोबरी करायचं. आता तो जमिनीखालून जाईल. फक्त शिवाजीनगरला वर आल्यावर समोर एसटी दिसली पाहिजे.

नाशिकफाटा

मेट्रो वाढवतायत ना पुढे. तीस वर्षांचं बघून बांधायचं की आजचं?

वाहकाची_लेक

वडील एसटीत वाहक होते, आता निवृत्त. माझं बालपण आगाराच्या फाटकाशी डबा घेऊन उभं राहण्यात गेलंय, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते. कंटाळा आला तर पुढे सरका.

इथे सगळे 'स्टँड' म्हणताय त्यात दोन गोष्टी आहेत. एक स्थानक: फलाट, चौकशी, आरक्षण, नियंत्रकाची केबिन, प्रवासी. दुसरं आगार: डिझेल पंप, गाड्या धुण्याचा रॅम्प, वर्कशॉप, मुक्कामाच्या गाड्या, वाहकांचा रोकड भरणा, चालक-वाहकांची झोपायची खोली. जुन्या शिवाजीनगरला हे सगळं एकाच आवारात होतं. नव्या जागी तसंच हवं असा हट्ट धरला तर वरच्या टॉवरला जागा देऊन खाली फलाटांच्या वाट्याला काय उरणार?

स्थानकाला फार जागा लागत नाही. गाडी आली, माणसं उतरली, चढली, दहा-पंधरा मिनिटांत गेली. जागा खाते ती उभी राहणारी गाडी. नागपूरहून सकाळी आलेली गाडी संध्याकाळी परत निघणार, मधले दहा तास तिने शहरातल्या सर्वांत महाग जमिनीवर का उभं राहायचं? आगार वाकडेवाडीलाच कायम करा आणि स्थानक शिवाजीनगरला आणा. दोन किलोमीटर गाडी रिकामी पळेल, डिझेल जाईल, पण तेवढं परवडतं. एसटीची खरी मारामार होते ती आगार दहा-बारा किलोमीटर लांब गेलं की. त्यासाठी दूध योजनेची जागा एसटीला कायमची मिळाली पाहिजे, नुसती वापरायला नव्हे. तो निर्णय सरकारी टेबलावरचा आहे, एक वीटही लागत नाही त्याला.

आता खांब. वर दहा-पंधरा मजले चढवले की त्यांचे खांब खाली फलाटात उतरतात. वास्तुविशारद कागदावर गाडी सरळ आत घालतो नि सरळ बाहेर काढतो. प्रत्यक्षात चालक रिव्हर्स घेतो, मागे वाहक शिट्टी मारत उभा, दोन गाड्यांमधून कुणीतरी आजी पिशवी घेऊन निघालेल्या. खांबांमधलं अंतर आधी चालकांना विचारा. एका रविवारी मोकळ्या मैदानावर चुन्याने फलाट आखा, पिंप ठेवा खांबांच्या जागी आणि बारा मीटरची गाडी फिरवून बघा. फुकटात होईल.

डिझेलचा धूर हाही मुद्दा. छत सगळीकडून बंद आणि खाली चाळीस इंजिनं सुरू, तर प्रवाशाचं आणि तिथे आठ तास बसणाऱ्या नियंत्रकाचं काय? "पुढे सगळ्या गाड्या विजेच्याच येणार" असं उत्तर मिळेल. येतायत, खरं आहे, पुणे-नगर शिवाई १ जून २०२२ ला सुरू झाली. पण लालपरी अजून डिझेलवरच चालते. आणि विजेच्या आल्या तर चार्जर कुठे बसणार, तेवढी वीज कुठून येणार, याचंही कुणी लिहिलेलं नाही. माझ्या मते चार्जर आगारात, म्हणजे पुन्हा वाकडेवाडी.

शेवटचं, हे वडिलांच्या वतीने. विश्रांतीगृह नकाशात सर्वांत शेवटी येतं आणि पैसे कमी पडले की सर्वांत आधी जातं. रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला पंखा, पाणी आणि शांतता लागते. त्याची झोप झाली नाही तर संध्याकाळी त्याच्या गाडीत तुम्हीच बसणार आहात.

भांबुर्डेकर

ताई, वेगळा धागा होईल एवढा ऐवज आहे. चुन्याने आखून गाडी फिरवायची कल्पना फारच पटली.

फुकटचा_सल्ला

रविवारी मैदान रिकामं मिळणार नाही, क्रिकेट असतं. बाकी सहमत.

अण्णा_नगरवाले

राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला नगर-पुणे धावली, तेव्हा या विषयावर बोलायचा पहिला हक्क नगरकरांचा. (मी त्या गाडीत नव्हतो, कुणी विचारायच्या आत सांगतो.)

मी अमृत ज्येष्ठ. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट झाली आणि मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. त्यानंतरचा स्टँड एकदा उघड्या डोळ्यांनी बघा. पूर्वी घरात बसणाऱ्या आज्या आता लेकीकडे, देवाला, दवाखान्यात एकट्या जातात. माझी बहीण गुडघे धरून धरून तुळजापूर करून आली. नवा स्टँड बांधणाऱ्याने हा प्रवासी डोळ्यांपुढे ठेवावा.

मग काय लागतं? पाठ टेकता येईल असं बाकडं. ते लोखंडी, मधे दांडे घातलेले, कुणी झोपू नये म्हणून केलेले बाक नकोत. त्यावर बसणंही होत नाही. मुतारी जमिनीच्या पातळीला आणि फलाटाच्या जवळ. घोषणा कानाला कळेल अशी. सध्या बऱ्याच स्टँडवर ती "घर्रर्र नगर घर्रर्र फलाट" एवढीच ऐकू येते. आणि जिना चढायला लावू नका. लिफ्ट आहे असं सांगू नका, सरकारी लिफ्ट कधी चालू असते ते आम्हाला माहीत आहे.

करारनामा

इमारतीवर बोलून झालं असेल तर कागदावर बोलू.

एसटीच्या जागा खासगी विकसकाला भाडेपट्ट्याने द्यायची मुदत ६० वर्षं होती. २०२५ मध्ये सरकारने ती ९८ केली, म्हणजे ४९ अधिक ४९. कारण उघड आहे: साठ वर्षांत मनासारखी गुंतवणूक करायला बडे बिल्डर पुढे येत नव्हते. एसटीचा संचित तोटा दहा हजार कोटींच्या वर गेलाय, तेव्हा जमिनीतून पैसा काढणं हा विचार मुळात चूक आहे असं मी म्हणणार नाही. तिकिटं २५ जानेवारी २०२५ पासून जवळपास १५ टक्क्यांनी वाढवली ती आठवत असतील. दर वेळी भाडंच वाढवत राहायचं की शिवाजीनगरसारख्या जागेचं भाडं खायचं, यात मी दुसरं निवडेन.

पण ९८ वर्षांच्या करारात चूक झाली तर ती तुमच्या पणतूला भोवणार. म्हणून मला मजल्यांपेक्षा कलमं वाचायची आहेत. स्थानकाचं काम पूर्ण होऊन एसटीच्या ताब्यात येईपर्यंत वरच्या दुकानांना भोगवटा प्रमाणपत्र (वापराचा परवाना) मिळणार का? याचं उत्तर 'नाही' असलं पाहिजे. दुकानं आधी उघडली की स्टँडची घाई कुणालाच राहत नाही. रत्नागिरीचा स्टँड किती वर्षं रखडला हे कोकणातल्या माणसाला विचारा, आणि तिथे तर वरती टॉवरही नव्हता.

मग देखभाल. फरशी फुटली, नळ गळला, दिवे गेले, तर कुणाचं? विकसक म्हणणार महामंडळाचं, महामंडळ म्हणणार विकसकाचं. आणि तळमजल्याच्या दर्शनी भागात गाळे नकोत. बीओटीच्या (बांधा-वापरा-परत द्या) स्टँडवर आपण हे पाहतो: रस्त्याला लागून मोबाईलची दुकानं आणि प्रवासी मागच्या बोळातून आत.

बडोदेकर

बडोद्याहून, तिसऱ्या पिढीचा मराठी. आमच्याकडे २०१४ च्या सुमारास मध्यवर्ती बस स्थानक याच पद्धतीने बांधलं, रेल्वे स्टेशनच्या अगदी जवळ. खाली गाड्या, वर दुकानं, सिनेमागृहं. तेव्हा मराठी मंडळातही हेच वाद झाले होते, 'गरिबांचा स्टँड श्रीमंतांचा मॉल होणार' वगैरे.

झालं उलटंच. स्टँड चालला. माझं निरीक्षण सांगतो: मॉल कितीही ओस पडला तरी स्टँड ओस पडत नाही, कारण माणसं गाडीसाठी येतात. रेल्वेतून उतरून चालत बसला जाता येतं हे त्याचं खरं बळ. तेव्हा पीपीपी, म्हणजे खासगी भागीदारी, म्हटलं की दचकू नका. करारनामा यांचं कलम मात्र घाला.

निशाचर_नर्स

सगळं वाचलं. एकाच मुद्द्याला कुणी हात लावला नाही म्हणून लिहिते.

फेब्रुवारी २०२५ मध्ये स्वारगेटला उभ्या असलेल्या शिवशाहीत तरुणीवर बलात्कार झाला, त्यानंतर महिनाभर सीसीटीव्ही, सुरक्षारक्षक, पास तपासणी यावर बातम्या आल्या. मी रात्रपाळी संपवून एसटीने गावी जाते, त्यामुळे तेव्हापासून कुठल्याही स्टँडवर पाय ठेवला की नजर पहिल्यांदा जाते ती बंद, अंधाऱ्या, रिकाम्या गाड्यांकडे.

वाहकाची लेक यांनी उभ्या गाड्यांचा मुद्दा जमिनीच्या भावावरून काढला. मी तोच सुरक्षेवरून काढते. प्रवासी ज्या आवारात चालतात तिथे रिकामी गाडी उभीच नको. कुठली गाडी लागली आणि कुठली नुसती उभी आहे हे फलाटावर बसल्या जागी दिसलं तर "ताई, तुमची गाडी तिकडे उभी आहे" असं सांगून कुणी अंधारात नेऊ शकणार नाही. फलाट ठरलेला, फलकावर आकडा दिसतोय, चौकशीची खिडकी रात्री दोनला उघडी आणि तिच्या मागे जागं माणूस, एवढ्यावर निम्मं काम होतं. कॅमेरा नंतर पाहायला उपयोगी पडतो, त्या क्षणाला नाही.

हिरकणी कक्षाचंही लिहून ठेवा. आणि बायकांची मुतारी मोफत असताना दारात टेबल मांडून पाच रुपये मागणारा माणूस नको.

वाहकाची_लेक

निशाचर, हे मला सुचायला हवं होतं. 'लागलेली' आणि 'उभी' गाडी वेगळ्या आवारात, हे एकदम मान्य. मुक्कामाची गाडी दार बंद करून आगारातच जाणार.

जालन्याचा_जावई

ट्रॅव्हल्सवाल्यांकडेही बघा जरा. त्यांच्या गाड्या सुटतात त्या संगमवाडीला काय सोयी आहेत? जवळजवळ नाहीतच. तरी लोक जातात, कारण गाडी वेळेवर सुटते नि फोनवर कळते. एसटीच्या नव्या स्टँडला संगमरवर लावला आणि गाडी किती वाजता कुठल्या फलाटाला येणार हे कळलंच नाही, तर लोक संगमवाडीलाच जातील.

नाशिकफाटा

माझं मत फार बदललेलं नाही, पण आगार वाकडेवाडीला आणि स्थानक शिवाजीनगरला असेल तर उभ्या गाड्यांची गर्दी तरी टळेल. तरीही संचेती चौकाचा प्रश्न राहतोच. गाड्यांना आत जायला आणि बाहेर पडायला वेगवेगळे रस्ते कुठून काढणार? एकाने तरी याचं उत्तर द्या. पीएमपीचे (सिटी बसचे) थांबे, रिक्षा, मेट्रोला सोडायला आलेल्या दुचाक्या आणि वरच्या टॉवरमधल्या मोटारी, सगळे त्याच दारातून जाणार. टॉवरमध्ये जितकं पार्किंग जास्त, तितकी एसटीची वाट बंद.

भांबुर्डेकर

याचं उत्तर माझ्याकडे नाही, आणि हा धाग्यावरचा सर्वांत कठीण प्रश्न आहे. मेट्रोच्या डोक्यावरच बांधताय तर मोटारींचं पार्किंग निम्म्यावर आणा, एवढं सुचतं. विकसक ऐकेल असं वाटत नाही.

करारनामा

विकसक ऐकत नसतो, निविदेत लिहावं लागतं.

मुळशीची_माणसं

धागा छान चाललाय, अवांतराबद्दल माफी. शनिवारी पहाटे आईला घेऊन नाशिकला जायचंय. गाडी नक्की कुठून मिळेल? गूगल दोन ठिकाणं दाखवतंय.

वाहकाची_लेक

वाकडेवाडीहून. पहाटे जाताय तर मेट्रो धरू नका, रिक्षा किंवा गाडी थेट वाकडेवाडीच्या स्टँडवर सांगा, नुसतं शिवाजीनगर म्हणू नका. आईंचं वय पंचाहत्तरच्या पुढे असेल तर आधार कार्ड जवळ ठेवा, झेरॉक्स चालेलच असं नाही. आरक्षण आधी करा, शनिवारी नाशिकला गर्दी असते.

अण्णा_नगरवाले

आणि पाण्याची बाटली घरून भरून न्या.